ब्रूस डिकिन्सनबद्दल आमच्या गावात विचारले जाणारे प्रश्न

हिंगणघाटच्या पुढे, कापसाच्या पट्ट्यात आमचं गाव आहे. मी शेती करतो, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनाला खंजिरी धरतो, आणि ट्रॅक्टरवर बसलो की आयर्न मेडन ऐकतो. या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या कशा, हे आमच्याकडच्या लोकांना उलगडत नाही. पंधरा-सोळा वर्षांपासून पारावर, लग्नाच्या पंगतीत, जीनच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, काट्यावर तेच तेच प्रश्न येतात. म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून काढली.

हा ब्रूस डिकिन्सन आहे तरी कोण?

आयर्न मेडन या इंग्लंडमधल्या हेवी मेटल बँडचा गायक. पूर्ण नाव पॉल ब्रूस डिकिन्सन, जन्म ७ ऑगस्ट १९५८ चा. १९८१ मध्ये तो बँडमध्ये आला, १९९३ मध्ये बाहेर पडला आणि १९९९ मध्ये परत आला. शिवाय तो इतिहासाचा पदवीधर आहे, तलवारबाजी करतो, विमान चालवतो. चाहते त्याला 'एअर रेड सायरन' म्हणतात, म्हणजे हवाई हल्ल्याच्या वेळी वाजतो तो भोंगा. एकदा त्याचा वरचा सूर ऐकला की हे नाव का पडलं ते कळतं.

हेवी मेटल म्हणजे नेमकं काय?

वीजेवर चालणाऱ्या गिटारचा जाड, खरखरीत आवाज, जोरकस ढोल आणि त्या सगळ्यावरून पार जाणारा गळा. याची सुरुवात साधारण १९७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यांच्या वस्तीतून झाली. तिथल्या ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. मशीनमध्ये त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने बोटांना घरीच टोपणं बनवून बसवली आणि पुढे तारा सैल करून वाजवू लागला. या संगीताचा तो खोल, जड आवाज घडण्यात त्या सैल तारांचा मोठा वाटा आहे. जीनमध्ये आणि थ्रेशरमध्ये बोटं गेलेली माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

त्याचं घर कसं होतं? पैसेवाला होता काय?

नाही. वर्कसॉप नावाच्या कोळसाखाणीच्या गावात तो जन्मला. आजोबा खाणीत कोळसा काढायचे. आईबाप दोघंही लहान वयाचे आणि कामाच्या मागे, म्हणून सुरुवातीची वर्षं तो आजी-आजोबांकडेच वाढला. बल्लारपूर, वणी, घुग्घुसकडच्या वाचकांना असं घर डोळ्यांसमोर येईल: खाणीतून परतलेला, कमी बोलणारा म्हातारा आणि त्याच्या अंगाखांद्यावर खेळणारा नातू. पुढे आईबापांची परिस्थिती सुधारली आणि त्यांनी त्याला औंडल इथल्या निवासी शाळेत घातलं. तिथे मोठ्या पोरांनी त्याला फार छळलं. शेवटी एका खोडीपायी शाळेने त्याला काढूनच टाकलं. नंतर लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात इतिहास शिकता शिकता तो छोट्या बँडमध्ये गाऊ लागला.

"हा मानूस एवढा बोंबलते कायले? गया फाटत नाही काय?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि सगळ्यात जास्त आवडतोही. तो बोंबलत नाही. गळा फाटत नाही, कारण जोर गळ्यावर येतच नाही.

आमच्या भजनी मंडळातले म्हातारे बुवा नव्या पोराला बसवतात, त्याच्या बेंबीच्या वर पंजा ठेवतात आणि म्हणतात, "आता गा, माहा हात हालला पायजे." हात हलला नाही तर पोरगा फक्त गळ्यातून गातो आहे, तासाभरात त्याचा आवाज बसणार. हात हलला तर श्वास खालून येतो आहे. जगातल्या कुठल्याही मेटल गायकाची पहिली शिकवणी हीच असते. फुप्फुसांखालचा पडदा श्वासाचा दाब धरून ठेवतो, घशातल्या स्वरपट्ट्या त्या दाबावर थरथरतात, आणि तोंडाच्या व घशाच्या पोकळीत तो आवाज घुमून मोठा होतो. पुरुष साधं बोलतो तेव्हा स्वरपट्ट्या सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा थरथरतात. डिकिन्सन वरच्या सुरात जातो तेव्हा हाच आकडा पाचशेच्या वर असतो. एवढ्या वेगात स्वरपट्ट्या एकमेकींवर नुसत्या जोराने आपटल्या तर त्यांना सूज येते, पुढे गाठी धरतात. दाब मोजून दिला तर त्या वर्षानुवर्षं टिकतात. डिकिन्सन साठी ओलांडल्यावरही हेच सूर लावतो.

झाडीपट्टीची नाटकं पाहिलेल्यांना हे पटकन समजतं. दिवाळीनंतर वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही या बाजूला रात्री दहा-अकराला पडदा उघडतो आणि पहाटे कोंबडा आरवेपर्यंत नाटक चालतं. गायक नट पद म्हणतो तेव्हा मैदानाच्या शेवटी, बैलगाडीवर पांघरूण घेऊन बसलेल्या माणसापर्यंत शब्द जायला हवा. माईक आता आले, तो गळा आधीपासूनच होता. रात्रभर गाऊन दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात तोच नट परत उभा राहतो. तिथे कोणी म्हणत नाही की हा बोंबलतो.

एक प्रसंग सांगतो. १९८२ च्या 'द नंबर ऑफ द बीस्ट' या अल्बमच्या मुख्य गाण्याची सुरुवात जवळजवळ कुजबुजल्यासारखी आहे. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मार्टिन बर्चने ती सुरुवात डिकिन्सनकडून कित्येक तास, परत परत गाऊन घेतली. पोरगा वैतागला, संतापला, पण बर्च हलला नाही. त्या सुरुवातीनंतर जी लांबलचक किंकाळी येते, ती ऐका. तिचा सूर शेवटपर्यंत हलत नाही आणि शेवटी श्वास उरलेला असतो. किंकाळी कोणीही मारेल, उरलेला श्वास मात्र कमवावा लागतो.

आयर्न मेडनमध्ये तो कसा आला?

हा बँड स्टीव्ह हॅरिस या बास गिटार वाजवणाऱ्याने १९७५ च्या नाताळात लंडनच्या पूर्व भागात उभा केला होता. डिकिन्सन तेव्हा सॅमसन या दुसऱ्या बँडमध्ये गायचा. १९८१ च्या ऑगस्टमध्ये रेडिंगच्या महोत्सवात मेडनच्या व्यवस्थापकाने त्याला गाठलं, सप्टेंबरमध्ये त्याची परीक्षा झाली आणि आधीचा गायक पॉल डिआनो याच्या जागी तो उभा राहिला. त्याच्यासोबतचा पहिलाच अल्बम इंग्लंडच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला.

ही सैतानाची गाणी होय काय?

एका मावशींनी मला हा प्रश्न डोळ्यांत पाणी आणून विचारला होता, कारण त्यांच्या मुलाच्या खोलीत एडीचं चित्र लावलेलं होतं. एडी म्हणजे बँडचा तो हाडकुळा राक्षस. अमेरिकेतही १९८२ मध्ये हाच आरोप झाला होता, लोकांनी तबकड्या जाळल्या. 'द नंबर ऑफ द बीस्ट' हे गाणं स्टीव्ह हॅरिसला पडलेल्या एका भीतिदायक स्वप्नावरून आलं आहे, पूजा त्यात कुठेच नाही. दंडार, खडी गंमत या आपल्या लोकनाट्यांत राक्षसाचं सोंग घेतात म्हणून गाव राक्षसाचं भक्त होत नाही.

त्याच अल्बममधलं 'रन टू द हिल्स' मी त्या मावशींना अर्थासकट सांगितलं. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी गोऱ्यांनी कशा हिसकावल्या, माणसं कशी मारली, याचं ते गाणं आहे. सुरुवातीला बोलतो तो मूळ रहिवासी, नंतर त्याचा पाठलाग करणारा गोरा शिपाई. गडचिरोलीकडच्या एका गोंड मित्राला मी हे ऐकवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, आणि मग म्हणाला, "परत लाव."

ते दोन बोटं वर करून दाखवतात, त्याचा अर्थ काय?

पहिलं बोट आणि करंगळी वर, मधली दोन अंगठ्याखाली. ही खूण मेटलमध्ये रूढ केली ती रॉनी जेम्स डिओ या गायकाने. त्याच्या इटालियन आजीकडून तो ती शिकला. कोणाची वाईट नजर लागू नये म्हणून ती म्हातारी असा हात करायची. आपल्या आज्या मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढतात, त्यातलाच हा प्रकार. डिओ लहानपणी ट्रंपेट वाजवायचा आणि श्वासावरचा ताबा त्यातूनच आला असं तो सांगायचा. वरातीच्या बँडपथकात ट्रंपेट फुंकणाऱ्या पोरांनी हे लक्षात ठेवावं. डिओ २०१० मध्ये पोटाच्या कॅन्सरने गेला.

मग मधेच बँड सोडून का गेला?

थकला होता, आणि त्याच त्या चाकोरीत कलाकार म्हणून अडकण्याची भीती वाटत होती. १९८४-८५ च्या एका दौऱ्यातच १८० हून जास्त कार्यक्रम झाले होते. १९९३ मध्ये तो बाहेर पडला आणि स्वतःचे अल्बम काढू लागला. त्यातला १९९८ चा 'द केमिकल वेडिंग' मला त्याच्या सगळ्या कामात वरचा वाटतो. बँडला त्या काळात ब्लेझ बेली हा दुसरा गायक होता. १९९९ मध्ये डिकिन्सन आणि गिटारवाला एड्रियन स्मिथ दोघंही परतले, आणि २००० मध्ये 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' आला.

पण या मधल्या वर्षांतली एक गोष्ट सांगायलाच हवी. १९९४ च्या डिसेंबरमध्ये बोस्नियातलं सारायेव्हो शहर वेढ्यात होतं. अडीच वर्षांहून जास्त काळ तिथे गोळे पडत होते, वीज-पाण्याचे हाल होते. डिकिन्सन आपल्या साथीदारांसह मदतकार्याच्या ट्रकमधून रात्री डोंगराच्या वाटेने आत शिरला आणि तिथल्या तरुण पोरांसमोर गायला. पुढे त्या शहराने त्याला मानद नागरिक केलं. तेव्हा तो बँडमध्ये नव्हता, मागे मोठी व्यवस्था नव्हती. गायकाचं काम काय, असं मला कोणी विचारलं तर मी हा कार्यक्रम सांगतो.

तो खरंच विमान चालवते?

हो, आणि हौसेपुरतं नाही. अ‍ॅस्ट्रेयस या ब्रिटिश विमान कंपनीत तो प्रवासी विमानाचा कॅप्टन होता, कंपनी २०११ मध्ये बंद पडेपर्यंत. २००८ च्या दौऱ्यासाठी बँडने एक बोईंग ७५७ भाड्याने घेतलं, त्यावर एडीचं चित्र काढलं, मागच्या खुर्च्या काढून तिथे सुमारे १२ टन सामान भरलं आणि कॅप्टनच्या खुर्चीत डिकिन्सन बसला. पहिल्या टप्प्यात ४५ दिवसांत २३ कार्यक्रम. २०१६ मध्ये तर त्याने बोईंग ७४७ चालवलं.

विमानांचं वेड त्याच्या गाण्यातही उतरलं. २०१५ च्या 'द बुक ऑफ सोल्स' या अल्बममध्ये त्याने पियानोवर बसून रचलेलं १८ मिनिटांचं गाणं आहे, 'एम्पायर ऑफ द क्लाउड्स'. ते आर १०१ या ब्रिटिश हवाई जहाजावर आहे. हे जहाज ४ ऑक्टोबर १९३० ला इंग्लंडहून निघालं, जायचं होतं तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या कराचीला. फ्रान्समध्ये पहाटे कोसळलं आणि ५४ पैकी ४८ जण गेले.

भारतात आला होता काय? तुम्ही पाहिला?

पाहिला. पहिला कार्यक्रम १७ मार्च २००७ ला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर झाला. तेव्हा हातात पैसा नव्हता, जाता आलं नाही. दुसऱ्या वर्षी त्या विमानाच्या दौऱ्याची सुरुवातच मुंबईतून झाली, १ फेब्रुवारी २००८ ला, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर. त्या महिन्यात कापसाचा चुकारा हातात आला होता. बाबांना सांगितलं, भजनाच्या कार्यक्रमाला जातो. ते खोटं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

वर्ध्याहून विदर्भ एक्स्प्रेसने आम्ही दोघं मित्र गेलो, जनरलच्या डब्यात, दाराजवळ बसून. मैदानावर सगळीकडे काळे टी-शर्ट होते, माझा मात्र पांढरा सदरा, त्यावर पऱ्हाटीचे डाग. कोणी हसलं नाही. बाजूचा पोरगा ईशान्येकडून तीन दिवसांचा प्रवास करून आला होता, त्याने आपल्या बाटलीतलं पाणी मला दिलं. चर्चिलचं भाषण वाजलं, 'एसेस हाय' सुरू झालं आणि डिकिन्सन धावतच आला. मला लख्ख आठवतं ते त्याचं गाणं नाही, त्याचं गप्प राहणं. दोन ओळींच्या मधे तो माईक खाली करायचा, खांदे अजिबात उचलायचे नाहीत, पण पोट फुगलेलं दिसायचं. अंतर बरंच होतं, तरी बाजूच्या मोठ्या पडद्यावर स्पष्ट दिसत होतं. बुवांचा पंजा मला तिथे आठवला. मग त्याने शहराचं नाव घेऊन हाक दिली, "स्क्रीम फॉर मी, मुंबई!" आणि माझ्या छातीतून जो आवाज निघाला तो मी त्याआधी फक्त मोझरीला, हजारो माणसांत, राष्ट्रसंतांच्या जयजयकारात काढला होता.

परत आल्यावर बाबांनी विचारलं, "भजन कसं झालं?" मी म्हटलं, "लय चांगलं."

त्याला कॅन्सर झाला होता म्हणतात, ते खरं आहे का?

खरं आहे. २०१४ च्या शेवटी निदान झालं, फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर केलं. जिभेच्या मागच्या भागात आणि मानेतल्या गाठीत कॅन्सर होता. सात आठवडे किमो आणि रेडिएशन चाललं. मे महिन्यात डॉक्टरांनी आजार गेल्याचं सांगितलं. 'द बुक ऑफ सोल्स'चं गाणं त्याआधीच मुद्रित झालं होतं, म्हणजे त्यातला आवाज गाठ घेऊन गायलेला आहे. रेडिएशनने लाळ आटते, चव जाते, घसा आतून भाजल्यासारखा होतो. त्याने घाई केली नाही, गळा भरून येऊ दिला. फेब्रुवारी २०१६ मध्ये परत मंचावर उभा राहिला.

त्याच्या कॅन्सरचं कारण एचपीव्ही नावाचा विषाणू होता आणि त्याने ते उघडपणे सांगितलं, पुरुषांनी लाजू नये म्हणून. या विषाणूवर लस आहे. ती आपल्याकडे मुलींना गर्भाशयमुखाचा कॅन्सर होऊ नये म्हणून देतात, पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही ती बनवते.

आपल्याकडचं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं, आणि ते पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळतं. सुपारी, तंबाखू, चुना, म्हणजे खर्रा. आमच्या मंडळात एक गाणारा होता, वय चाळीसच्या आत. त्याचा तार षड्ज लागला की खंजिरी वाजवता वाजवता माझे हात थांबायचे. सकाळी उठला की खर्रा, गायला बसताना गालात खर्रा. आधी तिखट सोसेना. मग तोंड उघडेना, तीन बोटं आत जात नव्हती. गालातला पांढरा चट्टा त्याने सहा महिने कोणाला दाखवला नाही. नागपूरला ऑपरेशनात अर्धा जबडा काढला. तो वाचला, पण गात नाही. भजनाला येतो, मागे बसतो, टाळ वाजवतो.

म्हणून हे पाठ करून ठेवा: तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, मानेत न दुखणारी गाठ लागली, आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला, गिळताना दुखलं, तोंड कमी उघडू लागलं, यातलं एकही असेल तर डॉक्टरकडे जा. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय आहे. डिकिन्सनचा गळा वाचला त्यात लवकर कळण्याचा मोठा हात आहे.

पोराला असंच गायचं आहे. काय करू?

आधी त्याला भजनाला बसवा. मी मनापासून सांगतो. पहाटे खर्ज लावायला शिकू द्या: खालचा सा, अर्धा तास, घाई नाही. मग सरगम, मग हळूहळू वर. खरखरीत आवाज काढण्याची वेगळी पद्धत आहे, ती गुरूशिवाय करू नये. व्हिडिओ बघून घसा घासत बसलेली दोन पोरं मी पाहिली आहेत, दोघांचाही आवाज महिनाभर बसला. गाताना घशात दुखलं की त्या दिवशी थांबायचं, दुसरा नियम नाही.

पाणी दिवसभर थोडं थोडं. सोयाबीनच्या थ्रेशरवर, जीनमध्ये काम असेल तर तोंडाला ओला दुपट्टा बांधा आणि त्या दिवशी रियाझ नको. थ्रेशरच्या आवाजावरून ओरडून बोलू नका, हाताने खुणा करा. आवाज तिथेच सर्वात जास्त जातो, मंचावर नाही.

याच्यात पैसा आहे काय?

फार थोड्यांना. डिकिन्सनसुद्धा वर्षानुवर्षं विमान चालवत होता, त्याला ते आवडत होतं हे खरं, पण दुसरं काम हाताशी असणं वाईट नाही. झाडीपट्टीतले कितीतरी कलाकार पावसाळ्यात धानाच्या बांधीत असतात.

कुठून ऐकायला सुरुवात करू?

'रन टू द हिल्स'पासून नको, ते सगळेच सांगतात. 'हॅलोड बी दाय नेम' लावा, १९८२ चंच आहे. फाशीची वाट बघणाऱ्या कैद्याचं गाणं. सुरुवात घंटेने होते आणि तो अगदी हळू, जमिनीवर बसल्यासारखा गातो. पहिल्यांदा मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, हेडफोन घ्या, आणि ट्रॅक्टर बंद करा. साधारण एका मिनिटाने पहिला लांब सूर येईल. तेव्हा आपला पंजा आपल्याच पोटावर ठेवा आणि तो धरून आहे तोवर तुम्हीही श्वास धरून बघा.